आमच्या घरची साडेसातची दिवेलागण

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाची पंचाहत्तरी झाली. बोरिवलीला हॉल घेतला होता. भाड्यात मी घासाघीस करून देते म्हणून सांगितलं होतं, पण त्याच्या सुनेनं मला न विचारताच सगळे पैसे भरून टाकले. तेव्हापासूनच माझं डोकं तापलेलं होतं. त्यात जेवणाआधी भावानं माईक हातात घेतला. आई-वडिलांची आठवण काढली, डोळे पुसले आणि म्हणाला, "आमच्या घरात मुलगा-मुलगी असा भेद कधीच नव्हता. ताईला आणि मला संध्याकाळी घरी यायची वेळसुद्धा एकच होती."

टाळ्या झाल्या. मी खुर्चीवरून उठले. शेजारी बसलेल्या भाचीनं माझा पदर धरला.

"आत्या, आज नको."

"का नको? मी फक्त दोन वाक्यं बोलणार आहे."

"तुझी दोन वाक्यं मला माहीत आहेत. बस."

जेवणात श्रीखंड होतं म्हणून मी बसले. पण सोडून दिलं असं नाही. ती एक वेळ आम्हाला कशी मिळाली, त्यासाठी कोणी काय केलं आणि ती किती टिकली, हे मी लिहून ठेवते आहे. त्याची पंच्याऐंशी होईल तेव्हा दुसरं कोणीतरी वाचून दाखवील.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही अंधेरीला पूर्वेच्या बाजूला एका दुमजली चाळीत राहत होतो. चाळीच्या मागे भाजीचे मळे, विहिरी आणि पलीकडे ख्रिस्ती लोकांचं जुनं गावठाण. बाबा जवळच्याच एका सरकारी कचेरीत कारकून होते, त्यामुळे ऊन उतरायच्या आत घरी येत. आई मालवणकडची. घरात ती आमच्यासारखंच बोलायची, पण चिडली की मालवणीवर यायची, आणि मग बाबासुद्धा दोन पावलं मागे सरत. मी पंधरा वर्षांची होते, भाऊ माझ्याहून दीड वर्षानं लहान.

घरी यायचा नियम दोघांनाही होता. भावाचा नियम त्याच्या पोटावर होता, म्हणजे भूक लागली की तो यायचा. माझा नियम दिव्यावर होता. मी दहा वर्षांची झाले तेव्हा बाबांनी ठरवलं की संध्याकाळी देवापुढचा दिवा मुलीनं लावायचा. तो लागल्याशिवाय घरातलं विजेचं बटण दाबायचं नाही, हा आमच्या घराचा जुना रिवाज. दिवा लावायचा, प्रार्थना म्हणायची, पाढे म्हणायचे, मोठ्यांच्या पाया पडायचं आणि मग बल्ब. त्यामुळे दिवेलागणीला मुलगी घरात हे आपोआप झालं. बाबांना ते फार आवडायचं. "आमच्याकडे मुलीला कधी सांगावं लागत नाही," असं ते चाळीत सांगत असत.

मला शिवण शिकायचं होतं. गावठाणात एक ख्रिस्ती बाई राहायची, तिला सगळे मडम म्हणत. दिवसभर ती गिऱ्हाइकांचे कपडे शिवायची आणि संध्याकाळी काही मुलींना शिकवायची. तिच्याकडची एक मुलगी लग्न होऊन गेली आणि जागा रिकामी झाली. मी शाळेतून परस्पर जाऊन तिला भेटले, फी थोडी कमी करून घेतली आणि ती परत मिळत नाही हेही तिच्याकडून वदवून घेतलं. बाबांनी एकदा पैसे भरले की क्लास बंद करताना त्यांचा जीव तुटला पाहिजे, हा त्यातला हिशेब.

अडचण वेळेची होती. मडमकडे कापायचं टेबल एकच, आणि त्यावर उशिरापर्यंत गिऱ्हाइकांचं कापड पसरलेलं असायचं. म्हणून आधी मुलींना दुमडी, काजं, बटणं असली कामं मिळायची. टेबल मोकळं झालं की मग कापणं. क्लास सुटायचा साडेसातला, आणि खरं शिक्षण शेवटच्या तासात व्हायचं. ज्याला कापता येतं तो शिंपी, बाकीचे मदतनीस, एवढं मला तेव्हाही कळत होतं. दिवाळी होऊन गेली होती, दिवस लहान झाले होते. सहा वाजले की आमच्याकडे दिवा.

भाव करायला मी वसईच्या भाजीवाल्यांकडून शिकले. आईबरोबर बाजारात जाऊन त्यांच्याशी मी असं भांडायचे की त्या म्हणायच्या, "बाई, तुझी पोर तुझ्यापेक्षा वंगाळ." हवं त्याच्यापेक्षा बरंच जास्त मागायचं आणि हळूहळू उतरायचं, एवढंच त्याचं शास्त्र. मला साडेसात हवे होते, म्हणून मी सुरुवात वरून केली.

"बाबा, क्लास नऊला सुटतो."

बाबा शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र वाचत होते. शेजारी एक पेन्शनर होते. त्यांचं वाचून झालं की संध्याकाळी ते आमच्याकडे यायचं आणि जेवणाच्या आत परत द्यावं लागायचं. बाबांनी ते खाली घेतलं.

"शिवणाचा क्लास नऊला सुटतो? काय शिवता काय, शामियाना?"

"बरं, मी साडेआठला निघेन."

"आत्ता नऊ म्हणालीस."

"तुमच्यासाठी लवकर निघेन. आठ?"

"हा काय बाजार आहे?"

भाऊ दाराशी बसून बॅटीला दोरी गुंडाळत होता. तो म्हणाला, "ताई, तू दोडक्यासारखी वेळ मागतेस."

बाजारात भाव जमत नसला की पाठ फिरवून चार पावलं चालायचं, मागून हाक येतेच. मी पाठ फिरवली आणि सरळ गॅलरीच्या टोकापर्यंत गेले. मागून हाक काही आली नाही. भाजीवालीला भाजी विकायची असते, बाबांना काहीच विकायचं नव्हतं. मीच परत आले.

"क्लासला जा, नको कोण म्हणतं?" बाबा म्हणाले. "पण दिवेलागणीला घरात. दिवा तुझ्या हातचा लागला पाहिजे."

"आणि हा?"

"तो मुलगा आहे."

"म्हणजे त्याला अंधारात दिसतं?"

बाबा उठले. आईनं आतून हाक मारली, "अगं, आमटी उतू जातेय, बघ आधी." आमटी चुलीवर नव्हतीच. मी आत पळाले.

महिनाभर मी शाळेतून क्लासला जायची, थोडी काजं करायची आणि ऊन कलायला लागलं की मळ्यातल्या वाटेनं घरी धावत सुटायची. वाटेत मैदानात भाऊ क्रिकेट खेळत असायचा. मला पळताना बघून त्याचे मित्र ओरडायचे, "पळ पळ, देव वाट बघतोय!" तो हसायचा. ते हसणं मी अजून विसरलेले नाही. त्या महिन्यात मी इतकी काजं केली की अख्ख्या अंधेरीत माझ्यासारखी काजं कोणाची नसतील. पण कापड कापायची कात्री मी हातात धरली नव्हती.

मडम म्हणायची, "काय गं, तू रोज पळते. मी काय कापडाला सांगू, थांब म्हणून?"

मग नाताळचे फ्रॉक आले. गावठाणातल्या पोरींचे घेरदार, पफ बाह्यांचे फ्रॉक. मडमनं गुलाबी कापड टेबलावर पसरलं, खडूनं रेघा मारल्या आणि मला म्हणाली, "थांबणार असशील तर हा घेर तू काप. जाणार असशील तर आत्ता जा."

बाहेर सावल्या लांब झाल्या होत्या. मी कात्री उचलली. त्या कापडातून कात्री जातानाचा आवाज मला पुढची चाळीस वर्षं रोज ऐकू आला, माझ्या स्वतःच्या कारखान्यात. पण तेव्हा मला एवढंच कळत होतं की आता घरी मार बसणार.

घरी आले तर सगळ्या चाळीत दिवे, आणि आमची खोली काळीकुट्ट.

झालं होतं असं, की आईला कावळा शिवला होता. ती चार दिवस बाजूला बसायची, कशाला हात लावायची नाही. मला सकाळी माहीत होतं, पण कात्री हातात आल्यावर डोक्यातून गेलं. आई दिवा लावू शकत नव्हती. संध्याकाळचा दिवा पुरुषानं लावलेला बाबांनी बघितला नव्हता, त्यामुळे ते लावत नव्हते. आणि दिवा नाही म्हणून बल्ब नाही. बाबा मांडीवर वर्तमानपत्र घेऊन अंधारात खुर्चीवर ताठ बसले होते. भाऊ उपाशीपोटी भिंतीला टेकला होता. आई कोपऱ्यात कांबळ्यावर.

"आलात?" बाबांचा आवाज आला. "या, या. आपलीच वाट पाहतोय."

बाबा मला अहोजाहो करायला लागले की प्रकरण गंभीर असायचं.

"ते काय बोलायचं ते मागाहून बोला," कोपऱ्यातून आई म्हणाली. "आधी तिला दिवा लावू द्या. पोरगा भुकेला आहे."

मी पाय धुतले, दिवा लावला आणि हात जोडले. बाबांनाही हात जोडावे लागले. प्रार्थना चालू असताना ओरडता येत नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मग मी प्रार्थना म्हटली, येत होती तेवढी सगळी स्तोत्रं म्हटली, दोन ते तीसचे पाढे म्हटले, त्यानंतर पावकी आणि निमकी. एरवी मी पंधरावर थांबायची. निमकी संपेपर्यंत बाबांचा राग निम्म्यावर आला होता.

तेवढ्यात पेन्शनर काका दारात आले. "वाचून झालं का? इतका वेळ अंधार होता तुमच्याकडे. फ्यूज गेला की काय?"

"हो, फ्यूज," बाबा म्हणाले.

"मग आता कसा आला?"

"आला," बाबा म्हणाले आणि एक ओळही न वाचलेलं वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी निकाल दिला, "आजपासून शाळेतून थेट घरी. क्लास बंद."

मी रात्रभर विचार केला होता. काल पहिल्यांदा माझ्याकडे विकायला काहीतरी होतं, माझ्या हातचा दिवा. मी शांतपणे म्हणाले, "बंद तर बंद. फी गेली तर जाऊ दे." बाबांचा चेहरा जरा पडला. मग मी म्हणाले, "पण बाबा, कचेरीत तुम्ही सगळ्यांना एकच नियम लावता ना?"

हे बाबांचं आवडतं वाक्य होतं. आठवड्यातून दोनदा तरी ते आम्हाला ऐकवायचे.

"अर्थात."

"मग आई बाजूला असेल तेव्हा एक दिवस दिवा मी लावते, एक दिवस हा लावू दे. ज्याचा दिवा त्यानं वेळेवर घरी यायचं."

भावाच्या हातातला चहा सांडला. "मी? दिवेलागणीला? घरात?"

"दिवा बाईमाणसानं लावायचा असतो," बाबा म्हणाले.

"सकाळची पूजा तुम्हीच करता की," आई कोपऱ्यातून म्हणाली. "सकाळी देवाला पुरुषाचा हात चालतो आणि संध्याकाळी विटाळ होतो?"

बाबांनी घड्याळाकडे बघितलं. कचेरीत जायची वेळ झाली होती. "बरं," ते म्हणाले आणि चपला घालून निघाले.

त्या दिवशी भावाची पाळी होती. तो खेळ सोडून आला, मातीच्या हातांनी वात करायला गेला, ती तीनदा मोडली. तेल सांडलं. प्रार्थना अर्धी म्हटली आणि सतराच्या पाढ्यावर अडकला. बाबांनी पहिल्यापासून म्हणायला लावलं. बाहेर गॅलरीखाली त्याची सगळी टोळी जमली होती. एकजण ओरडला, "काय गं, रांगोळी पण काढतेस का?" दुसरा म्हणाला, "हिला आता वेणी आणा रे!" हे मला आईनं सांगितलं, कारण मी त्या वेळी मडमकडे बाही कापत होते.

पण चार दिवस संपले. आई न्हाऊन उठली, आणि बाबांना सुटल्यासारखं झालं. "आता सगळं पूर्वीसारखं," त्यांनी जाहीर केलं. "तू दिवेलागणीला घरात, आणि तो खेळू दे." मी चिडून दोन वेळा जेवले नाही. भाऊ बॅट फिरवत शिट्टी वाजवत गेला. मी पुन्हा काजांवर आले. मडमनं कात्री उचलून दुसऱ्या मुलीच्या हातात दिली. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. वर म्हणाली, नाताळपर्यंत वाट बघते, नंतर तुझी जागा दुसरीला देईन.

पंधरा दिवस होत नाहीत तोच एका सकाळी उठून बघते तर आई पुन्हा कोपऱ्यात कांबळ्यावर.

बाबा दात घासत होते. तसेच थांबले. "परत? अगं, आत्ताच तर..."

आई कांबळं नीट करत बसली.

"महिना तरी झाला का? बरं नाही का तुला? डॉक्टरला दाखवू या का?"

"माका काय इचारतास?" आई म्हणाली. "कावळ्याक इचारा."

मालवणी आली म्हटल्यावर बाबांनी पुढे विचारलं नाही. बायकांच्या गोष्टीत काय बोलावं हे त्यांना कळत नसे, आणि चाळीत कोणाला विचारायचीही सोय नव्हती. पण भावाचा चेहरा असा झाला की जणू त्याला शाळेतून काढलंय. त्या आठवड्यात पलीकडच्या वाडीच्या पोरांशी त्यांची मॅच होती, आणि ती नेमकी त्याच्या दिव्याच्या दिवशी. तो बाबांच्या मागे मागे नळापर्यंत गेला.

"बाबा, ताईला साडेसातला येऊ द्या ना."

"आणि दिवा?"

"दिवाच साडेसातला लावा. ताई आली की. तिच्याच हातचा लागेल. मी कशाला मग?"

मी आत पोळ्या लाटत होते. माझे कान टवकारले. बाबांनी नळाखाली धरलेला तांब्या भरून वाहायला लागला. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला आता कळतं. मुलगी दिवेलागणीला घरात हे तर राहत होतं. दिवा मुलीच्या हातचा हेही राहत होतं. कोणाला काही सांगायला लागणार नव्हतं. फक्त वर्तमानपत्र उशिरा वाचावं लागणार होतं.

मी लाटणं घेऊन बाहेर आले. "मला मान्य आहे. पण हाही साडेसातला घरात. मी दिवा लावणार आणि हा मैदानात, असं नाही चालणार. नाहीतर माझे दिवस माझे, याचे दिवस याचे."

"ताई!"

"मॅच खेळायचीय ना?"

"हो."

"मग साडेसात. कबूल?"

"कबूल," तो दातओठ खात म्हणाला.

"बाबा?"

बाबा म्हणाले, "आमच्या घरात दिवेलागण साडेसातला," जणू हे पंचांगात छापून आलं होतं. आणि त्या दिवसापासून ती खरोखरच साडेसातला होऊ लागली. सगळी चाळ उजळायची आणि मधली आमची खोली पडलेल्या दाताच्या खिंडीसारखी अंधारी दिसायची. पहिले काही दिवस लोक विचारायचे. नंतर शेजारणी आमच्या दिव्यावर कामं लावू लागल्या. "त्यांच्याकडे लागला, आता भात उतरव." पेन्शनर काकांनी तर आपणहून सांगितलं, पेपर सकाळी परत दिलात तरी चालेल.

नाताळच्या आधी मी तीन फ्रॉक पूर्ण कापले. मडमनं माझी जागा दुसरीला दिली नाही. पुढे अंधेरीतच दोन मशिनं टाकून मी लहान मुलांच्या कपड्यांचं काम सुरू केलं ते तिच्याच टेबलाच्या जोरावर. घाऊक बाजारातले कापडवाले मला बघून आधीच भाव उतरवायचे. माझी अशी समजूत होती की माझा पहिला मोठा सौदा म्हणजे ते साडेसात.

बऱ्याच वर्षांनी एकदा आई माझ्याबरोबर कापडबाजारात आली होती. मी एका व्यापाऱ्याला नमवून बाहेर पडले आणि छाती काढून म्हणाले, "बघितलंस? बाबांनासुद्धा मी असंच नमवलं होतं."

आई हसली. "बाय माझी," ती म्हणाली, "कावळो आपणहून इलो होतो, असा वाटता तुका?"

मी भर रस्त्यात उभी राहिले. मागून हातगाडीवाला ओरडला, तरी हलले नाही.

आता राहिली भावाची गोष्ट. एकच वेळ होती हे त्याचं म्हणणं खोटं नाही. संक्रांतीपर्यंत होती. मग त्याचे सामने वाढले, तो आठला यायला लागला, मग साडेआठला. बाबा म्हणाले, मुलांचं असंच असतं. मी मात्र लग्न होईपर्यंत साडेसातला घरात होते, कारण दिवा माझ्या हातचा होता. ही माझी तक्रार तेव्हा होती आणि आजही आहे.

त्या पंचाहत्तरीला जेवणं झाल्यावर मी त्याला गाठलं. "दिवा लावायला वात कशी करतात, आठवतं का रे?"

"कुठली वात?" तो म्हणाला. खरंच विसरलाय. किंवा सोयीनं.

तेवढ्यात त्याची सोळा वर्षांची नात माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "आजी, आजोबा माईकवर काय बोलले ऐकलंस ना? मला नऊला घरात यायला लावतात आणि दादाला काही विचारतच नाहीत. मला नाटकाच्या तालमीला दहापर्यंत थांबायचंय. तू बोल ना त्यांच्याशी. तुझं ते ऐकतात."

"माझं कोणी ऐकत नाही," मी म्हणाले. "मला एक सांग. घरात असं कुठलं काम आहे, जे तुझ्या हातचंच लागतं?"

तिनं विचार केला. "तसं काही नाही. हां, आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, त्यांच्या डोळ्यांत थेंब मीच घालते. दुसऱ्या कोणाचा हात त्यांना चालत नाही. दादानं एकदा घातले तर सगळे गालावर गेले."

"थेंब किती वाजता घालायचे असतात?"

"डॉक्टर म्हणालेत, झोपायच्या आधी कधीही. पण आजोबांनी स्वतःच नऊ ठरवलेत."

मी समोर बघितलं. भाऊ पाहुण्यांना निरोप देत होता, काळा चष्मा लावून.

"खुर्ची जवळ ओढ," मी तिला म्हणाले. "आणि पहिल्यांदा बारा माग."